डब्यातले एकतीस चेहरे

१२ मे

दहा छायाचित्रे, एकच विषय, मुदत दोन जून. कला संस्थेच्या प्रवेशपत्रकातले हे वाक्य मी आज इतक्या वेळा वाचले की ते पाठ झाले. पाठ करणे मला जमते. त्याच जोरावर मी जिल्ह्यात पहिली आले. पण छायाचित्रणाची पदवी पाठांतरावर मिळत नाही. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला नुसते ‘बसा’ म्हणतानाही जिला घाम फुटतो, तिने माणसांसमोर कॅमेरा कसा धरायचा, हे मी वाचलेल्या एकाही पुस्तकात लिहिलेले नाही. म्हणून ही वही सुरू करीत आहे. जे तोंडाने बोलता येत नाही ते निदान येथे नीट मांडता यावे.

मुख्याध्यापकांनी दाखल्यावर सही करताना टोमणा मारलाच. “घरी विहीर असताना पाणी विकत आणायला योग्यकर्त्याला चाललीस होय?”

विहीर म्हणजे आमचा ‘तिर्ता फोटो’. आमच्या कुतोआर्जो गावच्या बाजारापासून तिसरे दुकान. पुढे काउंटर, मध्ये स्टूल, आणि मागच्या भिंतीला गुंडाळून ठेवलेले दोन कापडी पडदे. जन्मसाल विषम असेल तर लाल, सम असेल तर निळा. दाखल्यांपासून नोकरीच्या अर्जांपर्यंत माणसाचा रंग आधी ठरतो, मग त्याचे नाव विचारले जाते. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे, मास तोपिककडे, म्हणजे तोपिकदादाकडे, हे रंग संगणकावर एका क्षणात बदलून मिळतात. बाबांना ते मान्य नाही. “त्याच्या फोटोत केस कात्रीनं कापल्यासारखे दिसतात,” ते म्हणतात. “कापडासमोर बसलेल्या माणसाच्या केसांत थोडं कापड उतरतं. ते खरं.”

आज प्रकाश तपासण्यासाठी त्यांनी मला स्टुलावर बसवले. दोरीला हात घालून म्हणाले, “म्बाक, विषम की सम?” गिऱ्हाइकांतल्या मुलींना ते म्बाक, म्हणजे ताई, म्हणतात; न्दुक, म्हणजे पोरी, हे फक्त मला. मी हसले. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग तेही हसले. बाबा क्वचितच थट्टा करतात. मी जाणार म्हणून घरातले वातावरण हलके ठेवण्याचा त्यांचा हा प्रयत्न असावा.

१९ मे

विषय सापडत नाही.

आज बाजारात गेले. दावेत विकणाऱ्या म्बोक साएरा, म्हणजे साएरामावशी, काळ्या पिठाच्या शेवया नारळाच्या दुधात सोडत होत्या. हात सुंदर होते. वेगळे, स्वतंत्र जगत असल्यासारखे. मी दहा मिनिटे खांबाआड उभी राहिले आणि कॅमेरा पिशवीतून निघालाच नाही.

“अगं ए, वार्सितोची लेक ना तू?” त्यांनीच हाक मारली. “खांब विकत घेतलास की काय? ये की पुढं! फोटो काढायचाय? मग काढ. माझा नवरा गेला त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून कुणी माझ्याकडं इतका वेळ बघितलं नाही.”

आजूबाजूच्या बायका खिदळल्या. मी दावेत घेतले, घटाघट प्याले आणि घरी परतले. एकही छायाचित्र नाही.

परतताना आई मास तोपिकच्या दुकानातून बाहेर पडताना दिसली. मला पाहून तिने हातातला पेनड्राइव्ह ओढणीखाली घेतला. बाबांना हे कळले तर त्यांना काय वाटेल? शत्रूच्या दारात स्वतःची बायको! मी काही विचारले नाही. विचारणे हा माझा स्वभाव नाही.

आईला हल्ली आणखी एक नवा छंद लागला आहे. गिऱ्हाईक आले की बाबांच्या आधी तीच जन्मसाल विचारते, चिठ्ठीवर लिहिते, आणि त्याभोवती लाल किंवा निळ्या पेनाने गोल काढते. छत्तीस वर्षे हे काम करणाऱ्या माणसाला शाळकरी पोरासारख्या खुणा करून द्याव्यात, हे मला बरे वाटत नाही.

२३ मे

आज दुकानात भांडण झाले. निदान एका बाजूने.

दानू नावाचा एक तरुण तावातावाने आत आला आणि त्याने बाबांना ‘पाक’, म्हणजे काका, अशी हाक मारत पाकीट काउंटरवर आपटले. “पाक, अठ्ठ्याण्णव ही सम संख्या असते ना? की तुमच्या शाळेत गणित वेगळं होतं?” पाकिटातले सगळे फोटो लाल होते. कारखान्याच्या कचेरीने त्याला रांगेतून परत पाठवले होते आणि त्याचा अख्खा दिवस वाया गेला होता.

आईने त्याला खुर्ची दिली, चहा दिला, तीन वेळा माफी मागितली. “त्या दिवशी मी बाजारात गेले होते रे बाळा,” ती म्हणाली. तिच्या बाजारात जाण्याचा आणि पडद्याचा काय संबंध, ते मला कळले नाही. बाबांनी निळा पडदा सोडला, दानूची कॉलर दोन बोटांनी सारखी केली, फोटो काढला, छापला, कटरवर कापला. त्यांच्या कापण्यात कधी केसाचाही फरक पडत नाही.

तो गेल्यावर त्यांनी लाल फोटोंतला एक उचलला, मागे तारीख लिहिली आणि काउंटरखालच्या बिस्किटांच्या डब्यात टाकला.

त्या डब्यात सुईदोरा असतो, असे मी जन्मभर समजत होते. बाबा नमाजाला गेल्यावर मी तो उघडला. आत फोटो होते, सगळे तीन बाय चार सेंटिमीटरचे, सगळ्यांच्या मागे चुकीचा रंग. मी मोजले: एकतीस.

विषय सापडला.

२६ मे

तीन दिवस मी दुसरे काही केलेले नाही. दुपारी बाबा झोपले की डबा वर नेते, खिडकीशी पांढरा कागद पसरते आणि एकेका चेहऱ्याचे छायाचित्र घेते. हे चेहरे माझ्याकडे पाहतात, पण मला लाजवत नाहीत. माणसांचा फोटो काढण्याची हीच रीत मला झेपणारी आहे.

छायाचित्रांसोबत पाठवायच्या निवेदनाचा मसुदा असा:

‘शासन प्रत्येक नागरिकाला जन्मसालावरून एक रंग देते. कुतोआर्जोचा एक छायाचित्रकार अधूनमधून, कुणालाही न सांगता, तो रंग उलटा करतो. ही चूक आहे की छत्तीस वर्षांच्या आज्ञाधारकपणानंतरचे मूक बंड? या एकतीस चेहऱ्यांना क्षणभर दुसरेच आयुष्य मिळाले होते.’

पुन्हा वाचताना मला अभिमान वाटला. बाबांसारख्या शांत माणसाच्या आत एवढे काही चालले असेल, याची मला कल्पना नव्हती. त्यांना आधी विचारावे, असे मनात आले. पण विचारले तर ते संकोचतील आणि डबा लपवतील. निवड झाल्यावर सांगेन. तेव्हा त्यांना आनंदच होईल.

२ जून

दहा छायाचित्रे पाठवली. शीर्षक: ‘विषम-सम’. एक प्रत छापून, बांधून वरच्या फळीवर ठेवली आहे.

२५ जून

मुलाखतीला एकटीच गेले. योग्यकर्त्याच्या प्रामेक्स आगगाडीत सारा वेळ उत्तरे घोकत होते.

तीन परीक्षक होते. दोघा पुरुषांनी निवेदनाचे कौतुक केले. “अठराव्या वर्षी अशी जाण!” एक म्हणाले. “वडिलांच्या कामाकडे इतक्या थंडपणे पाहता येणं सोपं नाही.” हे मला बक्षिसासारखे वाटले.

तिसऱ्या बू हाप्सारी, म्हणजे हाप्सारी मॅडम. केस पांढरे, आवाज अगदी हळू. त्यांनी ती दोन छायाचित्रे पुढे ओढली ज्यांत मी फोटोंच्या पाठी, बाबांच्या अक्षरातल्या तारखांसकट, ओळीने मांडल्या आहेत.

“हा पहिला गेल्या सप्टेंबरातला,” त्या म्हणाल्या. “मग महिन्याला एक. मग दोन. मग चार-पाच. आणि या मे महिन्यात नऊ?”

“हो, बू,” मी म्हणाले. “लय वाढत जाते. मांडणीत ते यावं म्हणूनच पाठी घेतल्या.”

त्या काही वेळ तारखांकडेच पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, “वडील कसे आहेत तुझे?”

“बरे आहेत.”

“आणि आई?”

“आई पण बरी आहे.” छायाचित्रणाच्या मुलाखतीत हे प्रश्न का, ते उमगेना. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “पहिल्या सत्रात मध्येच घरी जावंसं वाटलं, तर सरळ माझ्याकडे ये. रजेचं मी बघेन.”

निकाल लागण्यापूर्वीच रजेची भाषा! याचा अर्थ एकच होऊ शकतो. परतीच्या गाडीत मी खिडकीला कपाळ टेकून एकटीच हसत होते.

९ जुलै

निवड झाली. यादीत माझे नाव चौथे आहे.

आई रडली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग ते शेजारच्या शिंप्याकडे, पाक गियोनोंकडे गेले. “आमची वेनिंग विद्यापीठात चालली. फोटोग्राफी शिकणार!” दुपारी पुन्हा गेले आणि पुन्हा तेच सांगितले. संध्याकाळी तिसऱ्यांदा. तेव्हा पाक गियोनो शिवणयंत्र थांबवून म्हणाले, “काय सांगता! अभिनंदन, वार्सितो,” जणू प्रथमच ऐकत होते. किती सभ्य माणूस!

जेवताना बाबांनी विचारले, “न्दुक, निकाल कधी आहे तुझा?”

“पुन्हा ऐकायचंय ना तुम्हाला?” मी म्हणाले. “चौथा क्रमांक!”

“चौथा!” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सकाळी उजळला होता तसाच पुन्हा उजळला. आई ताट घेऊन आत गेली. भात अर्धा तसाच राहिला होता तिचा.

१४ जुलै

हे लिहावे की नाही, ते ठरत नव्हते. लिहिते.

दुपारी वर गेले तर बाबा माझ्या खोलीत जमिनीवर बसलेले होते. मांडीवर माझी बांधलेली प्रत होती. आधी निवेदन वाचून झाले असावे, कारण चष्मा कपाळावर होता. छायाचित्रे पाहताना ते चष्मा वर करतात.

मी दारात उभी राहिले. आनंदाचा क्षण हाच, असे मी दीड महिना मनाशी रंगवले होते.

“उजेड चांगला पकडलायस,” ते म्हणाले. “खिडकीचा आहे ना? सावली मऊ आलीय.”

“हो, बाबा.”

पान उलटले. दानूचा चेहरा होता.

“हे सगळं त्यांनी बघितलं? तिथल्या सरांनी?”

“हो. त्यांना फार आवडलं.”

त्यांनी दानूच्या फोटोच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “छत्तीस वर्षांत लाखभर फोटो काढले असतील मी. तू एकदा विचारलं असतंस, तर चांगले काढून दिले असते.”

मी कसेबसे म्हणाले, “मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करता. बंड म्हणून...”

“बंड?” त्यांना खरेच हसू आले. “पोरी, मी कधी सिग्नल तोडला नाही. मी कसलं बंड करतोय?” मग हसू गेले. “डबा मी मोजायला ठेवला होता. दिवसभरात कुठं चुकलं ते कापताना कळतं, नाहीतर गिऱ्हाईक परत येतं तेव्हा कळतं. कळलं की एक आत टाकायचा आणि तारीख घालायची. चुकलेलं मला कळतंय तोवर डबा भरत राहील. भरायचा थांबला की मग...”

वाक्य तेथेच सोडून ते उठले. प्रत त्यांनी फळीवर होती तशीच, कडेला कड लावून ठेवली आणि चहा मागायला खाली गेले.

१५ जुलै

काही लिहिता येत नाही.

२० जुलै

आईशी बोलले. म्हणजे, ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मला ठाऊक नव्हते.

रमजानच्या आधीच ती त्यांना पुर्वोरेजोला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळाचे चित्र काढायला सांगितले. ज्या माणसाने डोळ्यांच्या अंदाजाने तीन गुणिले चार सेंटिमीटर कापले, त्याने सगळे आकडे घड्याळाच्या एकाच बाजूला लिहिले. सत्तावन्न हे या विस्मृतीच्या रोगाचे वय नव्हे, असे डॉक्टर म्हणाले. पण रोगाने वय विचारलेले नाही. हे थांबत नाही, फक्त सावकाश होऊ शकते.

“आणि तू मला सांगितलं नाहीस!”

“तुझी परीक्षा होती.”

“परीक्षा संपली एप्रिलमध्ये!”

आई मिरच्या खुडत होती. ती थांबली. “मग तू तो डबा घेऊन बसलीस. रोज दुपारी, खिडकीत, एकेक उचलून बघत होतीस. मी खालून बघायची. मला वाटायचं, आज दिसेल तिला. नाहीतर उद्या. एवढी हुशार पोर, एवढं बारीक बघतीये, दिसल्याशिवाय कसं राहील?”

मी जमिनीवरच बसले. बू हाप्सारींना दोन छायाचित्रांत दिसले ते मला एकतीस चेहऱ्यांत दिसले नव्हते. मी त्याला लय म्हणाले होते.

बाकीचेही आज कळले. लाल आणि निळ्या पेनांचे गोल आईने डॉक्टरांकडून आल्यावर सुरू केले. पेनड्राइव्हचे कारण मास तोपिकने स्वतः सांगितले; मी त्याच्या दुकानात आयुष्यात प्रथमच पाऊल टाकले होते. “गेले चार-पाच महिने तुमच्याकडचे रंग फसलेले फोटो मी सरळ करून देतोय, म्बाक,” तो खाली मान घालून म्हणाला. “केसांच्या कडा शक्य तितक्या सांभाळतो. तरी पाक वार्सितोंनी ओळखलंच एकदा. मला म्हणाले, ‘पोरा, तुझी कात्री सुधारली की.’ पुढं काही बोलले नाहीत.”

म्हणजे डब्यातले एकतीस हे केवळ आई आणि तोपिक यांच्या नजरेतून सुटलेले होते.

३ ऑगस्ट

कला संस्थेला पत्र लिहिले. ‘कौटुंबिक कारणास्तव प्रवेश घेणे शक्य नाही.’ एकच वाक्य. चार मसुदे झाले.

गेले पंधरा दिवस मी दुकानातच असते. पडद्यांच्या दोऱ्यांना मी पुठ्ठ्याचे तुकडे बांधले होते: एकावर ‘विषम’, दुसऱ्यावर ‘सम’. सकाळी पाहिले तर बाबांनी ते सोडवून, व्यवस्थित गुंडाळून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवले होते. दुपारी त्यांनी सलग सहा गिऱ्हाइके केली आणि एकही चूक केली नाही. मग सातवे आले. एक आजीबाई होत्या. बाबा कॅमेऱ्यामागे उभे राहिले ते राहिलेच. पुढे काय करायचे असते, ते त्यांना आठवत नव्हते.

“काय हो, पाक,” आजीबाई म्हणाल्या, “माझ्या सुरकुत्या मोजताय का? मग रात्र होईल.”

बाबा हसले, बटण दाबले गेले, आणि प्रसंग निभावला. मी मात्र आत जाऊन नळ सोडला आणि तोंड धूत राहिले.

पत्र आईच्या हाती लागले. तिने वाचले, चार घड्या घातल्या आणि चुलीत टाकले.

“मी जाणार नाही,” मी म्हणाले.

“जाशील.”

“ते मला विसरतील, आई. मी तिकडं असताना.”

“थांबलीस तरी विसरतील,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “मला विसरतील, तुला विसरतील, संडास कुठाय ते विसरतील. मला सांग, तू इथं बसून रोज बघत राहिलीस तर त्यातलं काय थांबणारे? मी आहे. समोर तोपिक आहे. गियोनो आहेत. तू परत येशील तेव्हा तुला नीट बघता यायला हवं. ते शिकून ये.”

तिने मुद्दाम लागेल असे म्हटले असेल, असे वाटत नाही. पण लागले.

१७ ऑगस्ट

आज स्वातंत्र्यदिन. घरोघर ध्वज. चौकात स्पर्धा. दोरीला टांगलेला कुरुपुक, म्हणजे तळलेला पापड, हात पाठीमागे बांधून नुसत्या तोंडाने खाण्याच्या शर्यतीत बाबा उतरले. उंच माणूस, त्यांना वाकावे लागत होते आणि कुरुपुक सारखा नाकावर आपटत होता.

“अहो, खायचंय, वास घ्यायचा नाहीये!” पाक गियोनो ओरडले.

“फोटोवाल्याला आधी फोकस करू द्या!” म्बोक साएरांनी उत्तर दिले, आणि सगळा चौक हसला.

बाबा शेवटचे आले. हनुवटीला चुरा लागला होता आणि डोळ्यांत हसून हसून पाणी होते. गर्दीत त्यांची नजर फिरली, मला सापडली, आणि ते मोठ्याने म्हणाले, “न्दुक! काढलास का?”

काढला होता. भर चौकात, खांबाचा आडोसा न घेता, एवढ्या लोकांसमोर. सोळा छायाचित्रे आहेत. जिवंत माणसाची माझी पहिलीच. तिसऱ्यात फोकस चुकला आहे, पण तेच ठेवणार आहे.

आज दिवसभर त्यांना सगळे ठाऊक होते: माझे नाव, वार, उद्या काय करायचे आहे ते. झोपण्यापूर्वी त्यांनी आठवण करून दिली, “ओळखपत्राचा फोटो राहिलाय तुझा. उद्या दुपारी काढू. पांढरा शर्ट घाल.”

१८ ऑगस्ट

उद्या सकाळच्या गाडीने निघायचे आहे.

दुपारी आई माझ्याबरोबर द्यायची क्लोरोत मिठाई आणायला बाजारात गेली होती. मी पांढरा शर्ट घातला, केस मागे बांधले आणि दुकानात आले. बाबा भिंग पुसत होते. त्यांनी वर पाहिले.

“या, म्बाक. बसा.”

मी हसले आणि स्टुलावर बसले.

“कशासाठी पाहिजे फोटो?”

“विद्यापीठाच्या ओळखपत्रासाठी.”

“अरे वा. कोणतं जन्मसाल तुमचं? विषम की सम?”

मी त्यांच्या हसण्याची वाट पाहिली. बारा मे रोजी एक क्षण गेला होता आणि मग ते हसले होते. तो क्षण कसला होता, ते मला आता ठाऊक आहे. आजचा क्षण संपला नाही. ते अदबीने, मान किंचित झुकवून उत्तराची वाट पाहत होते.

“सम,” मी म्हणाले. “दोन हजार सहा.”

“सम,” त्यांनी मान डोलावली, आणि डावीकडची दोरी सोडली. माझ्या पाठीमागे पडदा सरसरत खाली आला. समोरच्या आरशात त्याचा रंग दिसला. लाल.

माझे ओठ उघडले होते. ‘बाबा, निळा,’ एवढेच म्हणायचे होते. मग ते थांबले असते, पडद्याकडे पाहिले असते, माझ्याकडे पाहिले असते, आणि पडदा कोणता हवा होता आणि समोर कोण बसले आहे, या दोन्ही गोष्टी त्यांना एकदम कळल्या असत्या. मी ओठ मिटले.

त्यांनी जवळ येऊन माझी कॉलर सारखी केली. दोन बोटांनी, कातडीला स्पर्श होऊ न देता, परक्या मुलींची करतात तशी.

“हनुवटी जरा खाली. इकडं बघा. लाजू नका, लगेच होईल.”

झाले. फोटो छापून आले. त्यांनी ते कटरवर कापले. आठही बरोबर, एकाही कडेला केसाचाही फरक नाही. पाकीट घेऊन पेन उघडले.

“नाव?”

“वेनिंग.”

पेन थांबले.

“शेवटच्या पाण्याचं नाव,” ते म्हणाले. “तुम्हाला माहीत नसेल. पूर्वी आम्ही फोटो धुवायचो ना, पाणी बदलत राहायचं, बदलत राहायचं, आणि शेवटी असं नितळ पाणी यायचं की थाळीत पाणी आहे हेच कळायचं नाही. त्याला वेनिंग म्हणायचो. कुणी ठेवलं हे नाव?”

“माझ्या वडिलांनी.”

“फोटोवाले आहेत का?”

“हो.”

त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी पाकिटात भरलेले फोटो पुन्हा बाहेर काढले आणि काउंटरच्या काचेवर एकाशेजारी एक मांडले. “मग तुम्हाला कळत असणार. बघा बरं, कुठं काही चुकलेलं नाही ना?”

आठ वेळा मी. आठ वेळा लाल.

मी प्रत्येकाकडे पाहिले. घाई केली नाही.

“नाही,” मी म्हणाले. “सगळं बरोबर आहे.”

त्यांनी समाधानाने मान हलवली, फोटो पाकिटात भरले आणि दोन्ही हातांनी ते माझ्यापुढे केले. बिस्किटांचा डबा त्यांच्या हाताशीच होता. त्यांनी तो उघडला नाही.